आलेखात ६६०, मग पी-७०० कुठून आलं?



प्रकाशसंश्लेषणाचा धडा काढा. सुरुवातीलाच हरितद्रव्याचा शोषण वर्णपट दिलेला असतो, एक उंच टोक निळ्या भागात आणि दुसरं लाल भागात. हरितद्रव्य-ए चं लाल टोक ६६० नॅनोमीटरच्या आसपास दिसतं. आता दोन-तीन पानं उलटा. तिथं लिहिलेलं असतं की अभिक्रिया केंद्रातलं हरितद्रव्य-ए एका ठिकाणी ६८० ला आणि दुसऱ्या ठिकाणी ७०० ला प्रकाश शोषतं, म्हणून त्यांना पी-६८० आणि पी-७०० म्हणतात.

रेणू तोच. मग आकडे तीन कसे?

काही वर्षांपूर्वी मागच्या बाकावरच्या एका पोरानं मला हेच विचारलं होतं. "सर, आलेखात तं ६६० हाय, मंग हे ७०० कुठून आलं?" पोरगा दर्यापूरकडचा, कपाशीच्या घरातला. मी काय उत्तर दिलं माहीत आहे? "ते तसंच असतं, पाठ कर. परीक्षेत ७०० च विचारतात." त्यानं मान हलवली आणि पुन्हा वर्षभर काही विचारलं नाही. खरं सांगायचं तर उत्तर मलाही येत नव्हतं.

उत्तर असं आहे. पुस्तकातला तो आलेख पानाचा नाहीच, बाटलीचा आहे. पान कुटून अॅसिटोनमध्ये किंवा स्पिरिटमध्ये रंग उतरवतात आणि त्या हिरव्या द्रावणावर मोजमाप करतात. बीएस्सीच्या मुलांना आर्नन यांची १९४९ ची पद्धत माहीत असते, ६४५ आणि ६६३ ला वाचन घ्यायचं. ते दोन्ही आकडे ८० टक्के अॅसिटोनमधल्या मोकळ्या हरितद्रव्याचे आहेत. जिवंत पानात मात्र हरितद्रव्य असं सुटं कधीच फिरत नाही. ते प्रथिनांत बसवलेलं असतं आणि तिथं त्याचं लाल टोक सरकून ६७८ च्या आसपास जातं.

प्रथिन नेमकं काय करतं? हरितद्रव्याच्या मधोमध मॅग्नेशियमचा अणू असतो. प्रथिनातला एखादा अमिनो आम्लाचा हात, बऱ्याचदा हिस्टिडिनचा, त्या मॅग्नेशियमला धरतो. कुठं हायड्रोजन बंध लागतो, कुठं शेजारी विद्युतभार येतो, कुठं रेणूचं चपटं कडं थोडं वाकवलं जातं. यातल्या प्रत्येक गोष्टीनं रेणूतल्या इलेक्ट्रॉनला वर उडवायला लागणारी ऊर्जा थोडी बदलते. ऊर्जा कमी लागली की तरंगलांबी वाढते, म्हणजे टोक लालकडे सरकतं. शिवाय प्रथिन दोन हरितद्रव्यांना इतकं जवळ आणून बसवतं की प्रकाश शोषताना ती जोडीनं वागतात. पी-७०० ही अशीच एक जोडी आहे. बेसेल कॉक यांनी १९५६ मध्ये ती ओळखली.

२००४ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी पानातल्या मुख्य प्रकाश-संग्राहक प्रथिनाची बारीक रचना उलगडली. त्यांनी वापरलेलं प्रथिन कुठलं? आपल्या पालकाचं. एका घटकात १४ हरितद्रव्यं, ८ ए आणि ६ बी, सोबत ४ कॅरोटिनॉइड आणि असे तीन घटक एकत्र. हरितद्रव्य-ए आठही ठिकाणी एकच, पण प्रत्येकाची खोली वेगळी, शेजारी वेगळे. म्हणून प्रत्येकाचं शोषण थोडं थोडं वेगळं. पहिल्या प्रकाशप्रणालीभोवती तर अशी काही हरितद्रव्यं असतात की ती ७०० च्याही पलीकडचा प्रकाश टिपतात. दाट कपाशीत खालच्या पानांपर्यंत पोचणाऱ्या उजेडातला लाल भाग वरच्या पानांनी खाऊन टाकलेला असतो आणि हा पलीकडचाच जास्त उरतो. तिथं हा बदल कामाचा.

एक खुलासा करून ठेवतो, नाहीतर नवीन गैरसमज व्हायचा. खरं पान हिरवा प्रकाशही बराच शोषतं. "हरितद्रव्य हिरवा शोषत नाही" हे वाक्य पानाला लावलं की चुकतं. पण याचं श्रेय प्रथिनाला नाही. पानाच्या आत उजेड पेशीपेशींवर आपटत लांब वाट चालतो, त्यामुळं ते घडतं.

प्रथिनाचा प्रभाव घरात पाहायचा असेल तर पावसाळ्यात खेकडे शिजताना बघा. कच्चा खेकडा काळपट, शिजला की नारिंगी-लाल. समुद्रातल्या शेवंडीवर याचा नीट अभ्यास झालाय. तिचा रंग मुळात शेवाळांनी बनवलेल्या कॅरोटिनॉइडपासून येतो. प्रथिनात बसल्यावर त्याचं शोषण जवळपास १५० नॅनोमीटरनं सरकतं आणि कवच निळं दिसतं. उकळत्या पाण्यात प्रथिन उलगडतं, पकड सुटते आणि मूळचा लाल रंग परत येतो. यापुढं हरितद्रव्याचं २०-४० नॅनोमीटर सरकणं किरकोळच वाटेल.

पण माझ्या मते शिकवताना रंग सरकण्यापेक्षाही मोठी गोष्ट आपण सोडून देतो. मोकळं हरितद्रव्य धोकादायक असतं. उजेडानं चेतवलेला रेणू ऊर्जा द्यायला कुणी मिळालं नाही की ती ऑक्सिजनला देतो आणि तो ऑक्सिजन पेशीच जाळत सुटतो. प्रथिन हरितद्रव्याला कॅरोटिनॉइडच्या शेजारी बसवतं, म्हणून ती ऊर्जा वेळीच काढून घेतली जाते. झाड त्यामुळंच घर तयार असल्याशिवाय हरितद्रव्य साठवत नाही आणि घर मोडलं की ते आधी निकामी करतं.

आता आपल्या वऱ्हाडातला लाल्या आठवा. बोंडं भरायला लागली, थंडी पडली की कपाशीची पानं तांबडी होतात. ती तांबडी छटा अँथोसायनिनची, ते वेगळं रंगद्रव्य आहे. पण हिरवा रंग का गेला? बोंडं पानातलं नत्र ओढून घेतात. पानातलं बहुतेक नत्र प्रथिनांत असतं, हरितद्रव्यात अगदी थोडं. प्रथिनं मोडली की हरितद्रव्यही जाणारच. फवारणीत मॅग्नेशियम सल्फेटसोबत युरिया किंवा डीएपी का सांगतात, हे त्या दर्यापूरच्या पोराला मी एका तासात जोडून दाखवू शकलो असतो. घरी त्याच्या बापानं ती फवारणी केली असणारच.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की त्या आलेखाखाली 'द्रावणातील हरितद्रव्य' एवढे दोन शब्द छापायला हवेत. छापले जातील तेव्हा जातील, तोवर तुम्ही फळ्यावर लिहा. नीटच्या तयारीत वेळ नाही म्हणाल, पण याला दहा मिनिटंही लागत नाहीत.

आणि एक प्रयोग. पानातल्या स्टार्चची परीक्षा आपण सगळेच घेतो. पान स्पिरिटमध्ये उकळतो, पान पांढरं झालं की आयोडीन टाकतो आणि हिरवं स्पिरिट मोरीत ओततो. ते ओतू नका. थंड झाल्यावर काचेच्या नळीत घ्या, खोली अंधारी करा आणि नोटा तपासायची जांभळी टॉर्च बाजूनं मारा. हिरवं द्रावण रक्तासारखं लाल चमकतं. तीच टॉर्च ताज्या पालकाच्या पानावर मारा, चमक जेमतेम दिसेल. पानात प्रथिनांनी मांडलेली हरितद्रव्यं ऊर्जा लगेच पुढं अभिक्रिया केंद्राकडं पाठवतात, शंभरातला एखाद-दुसरा भागच लाल उजेड होऊन परत येतो. बाटलीत पुढं पाठवायला कुणीच नसतं. मग उरलेलं द्रावण दोन नळ्यांत ओता. एक कपाटात ठेवा, दुसरी अकोल्याच्या नाहीतर अमरावतीच्या दुपारच्या उन्हात, शेजारी एक ताजं पान ठेवून. सुट्टी व्हायच्या आत उन्हातल्या नळीचा हिरवा रंग विटलेला दिसेल. कारण पोरांनाच विचारा.

स्पिरिट थेट आचेवर ठेवू नका, गरम पाण्याच्या भांड्यात ठेवूनच तापवा आणि जवळची ज्योत आधी विझवा.