हप्त्यांचा क्रम कोण ठरवणार?

कर्जाने घेरलेल्या घरात पगार येतो आणि दहा तारखेच्या आत संपतो. तो जातो कुठे? जो वसुलीवाला दारात उभा राहून चार शेजाऱ्यांसमोर सर्वांत मोठ्याने ओरडतो, त्याच्या खिशात तो आधी जातो. जो नुसती नोटीस पाठवतो, त्याचा कागद न वाचताच कपाटात पडून राहतो. वस्तुस्थिती मात्र नेमकी उलटी असते. ओरडणाऱ्याकडे बहुतेक वेळा आपली कोणतीही वस्तू तारण नसते. नोटीस पाठवणाऱ्याकडे आपल्या घराचे कागद असतात. म्हणजे ज्याच्यापासून धोका कमी त्याला आपण आधी पैसे देतो आणि जो घर घेऊ शकतो त्याला थांबवून ठेवतो. कर्जबाजारी कुटुंबांची घरे जातात त्यामागे गरिबी आहेच. पण हप्त्यांचा क्रम चुकीच्या माणसाने ठरवला, हेही तितकेच खरे कारण आहे.

हा क्रम वसुलीवाल्याने ठरवता कामा नये. तो आपण ठरवला पाहिजे आणि त्यासाठी कायदा काय सांगतो हे माहीत पाहिजे. आमचे आजचे सांगणे एवढेच आहे.

पहिली गोष्ट भीतीची. कर्ज फेडता न येणे हा गुन्हा नाही. ती दिवाणी बाब आहे. हप्ता थकला म्हणून पोलीस उचलून नेतील ही धमकी निव्वळ थाप आहे. जॉली जॉर्ज व्हर्गीस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली स्पष्ट केले की, ज्याच्याकडे फेडायला खरोखरच काही नाही अशा ऋणकोला केवळ हुकूमनाम्याची रक्कम भरली नाही म्हणून तुरुंगात टाकता येत नाही. ऐपत असून लबाडीने पैसा दडवणाऱ्याची गोष्ट वेगळी. स्त्रीला तर पैशाच्या हुकूमनाम्यासाठी अटकच करता येत नाही, असे दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ५६ सांगते.

त्याच संहितेचे कलम ६० प्रत्येक कष्टकरी घरात माहीत असायला हवे. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि कारागिराची हत्यारे जप्त करता येत नाहीत. मजुराची आणि घरकामगाराची मजुरी जप्त होत नाही. भविष्य निर्वाह निधीला हात लावता येत नाही. पगारातील पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्या रकमेचा दोन तृतीयांश भाग सुरक्षित असतो. म्हणजे पंचवीस हजार पगार असेल तर सतरा हजारांना कर्जाच्या जप्तीत धक्का लागत नाही. जो पैसा कायद्याने राखून ठेवला आहे, तोच आपली माणसे वसुलीवाल्याच्या तोंडाला घाबरून आपल्या हाताने काढून देतात. म्हातारपणीचा फंड मोडून बिनतारणी कर्ज फेडण्याआधी दहा वेळा विचार करा.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. चेक परत गेला आणि मागणीची नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत रक्कम भरली नाही, तर चलनक्षम दस्तऐवज कायद्याच्या कलम १३८ खाली फौजदारी खटला होतो. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतात. खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता परत गेला तरी २००७ च्या कायद्याखाली तसेच प्रकरण उभे राहते. म्हणून कोऱ्या चेकवर सही देऊ नका. तो कोरा होता, एवढे सांगून न्यायालयात सुटका होत नाही.

आता उपायांकडे वळू. उपाय निवडण्यापूर्वी एक रात्र घरातील सर्वांनी एकत्र बसून वहीत यादी करावी. कोणाचे किती, व्याज काय, तारण काय, जामीन कोण, कागद कोणाकडे. नवऱ्याचे कर्ज बायकोला ठाऊक नाही आणि बायकोचे गटाचे कर्ज नवऱ्याला ठाऊक नाही, अशा घरात कोणताही उपाय चालत नाही. मग पगारातून रेशन, भाडे, वीज, औषध, मुलांची फी आधी वजा करा. उरेल ती रक्कम म्हणजे तुमची फेडण्याची खरी ताकद. त्याहून मोठ्या हप्त्याचे वचन कोणालाही देऊ नका. ते मोडणारच आणि मोडले की पुढची बोलणी तुमच्या हातात राहणार नाहीत.

यादी झाली की कर्जांची वर्गवारी करा, कारण प्रत्येक प्रकाराचे औषध वेगळे आहे.

घर तारण असलेले कर्ज पहिले. बँकेने सरफेसी कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस दिली की घड्याळ सुरू होते. या मुदतीत लेखी हरकत घेता येते आणि बँकेला पंधरा दिवसांत उत्तर द्यावे लागते. ताब्याची कारवाई झाली तर पंचेचाळीस दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येते. हा कायदा सहकारी बँकांनाही लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० साली ठरवले. पतसंस्थेचा मार्ग वेगळा. ती सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुली दाखला घेते. निबंधकाची नोटीस आली की हजर राहा, हिशेब मागा, हरकत नोंदवा. एकदा दाखला निघाला की त्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करायला थकबाकीची निम्मी रक्कम आधी भरावी लागते. ज्याच्याकडे हप्त्याला पैसे नाहीत, तो निम्मी रक्कम कुठून आणणार? म्हणून या कर्जासाठी नोटीस येण्याआधीच मुदत वाढवून हप्ता कमी करण्याचा लेखी अर्ज द्यावा. पोहोच घ्यावी.

सोने तारण असेल तर लिलावाची वाट पाहू नका. काही दागिना स्वतः विकून बाकीचा सोडवणे हे सगळाच लिलावात घालवण्यापेक्षा केव्हाही बरे.

दुसरा प्रकार महिलांच्या गटांना मिळणाऱ्या मायक्रोफायनान्सचा. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली घालून दिलेल्या नियमांनुसार वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला हे कर्ज बिनतारण दिले जाते आणि घरातील सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर वसुलीला येता येत नाही. शिवीगाळ, धमकी, नातेवाईकांना त्रास यांना मनाई आहे. आता विचार करा, महिना वीस हजारांच्या घरात चौदा हजारांचे हप्ते गेलेच कसे? कर्ज देताना हिशेब पाहण्याची जबाबदारी संस्थेची होती. हाच मुद्दा लेखी तक्रारीत मांडा आणि हप्ता बांधून मागा. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार विनामूल्य करता येते. मोबाईल ॲपवरून कर्ज देऊन फोटो विद्रूप करण्याची धमकी देणारे तर सरळ गुन्हेगार आहेत. त्यांच्यासाठी सायबर हेल्पलाईन १९३० आहे, हप्ता नव्हे.

तिसरा प्रकार खासगी सावकाराचा. शेकडा पाच म्हणजे वर्षाला साठ टक्के, हे आपली माणसे मोजतच नाहीत. पन्नास हजारांवर महिना अडीच हजार व्याज गेले की वीस महिन्यांत मुद्दलाएवढे पैसे देऊन होतात आणि मुद्दल जागच्या जागी असते. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. परवानाधारक सावकारालाही व्याजाची मर्यादा आहे. कर्जापोटी जमिनीचे किंवा घराचे खरेदीखत लिहून घेतले असेल, तर मागील पंधरा वर्षांतील अशा व्यवहाराची चौकशी करून मालमत्ता परत देण्याचा अधिकार जिल्हा उपनिबंधकांना आहे. अर्ज तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे देता येतो. सावकाराने वा त्याच्या माणसांनी चारचौघांत जातीवरून अपमान केला, तर ॲट्रॉसिटी कायदा आहेच.

चौथा प्रकार क्रेडिट कार्ड आणि वैयक्तिक कर्जाचा. यात तारण नसते. येथे एकरकमी तडजोड हा उपाय चालतो. पण रक्कम हातात असेल तरच. तडजोड हा आपला हक्क नाही, ती बँकेची मर्जी आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली सांगितले आहे. म्हणून बोलणी शांतपणे करा, पत्र हातात आल्याशिवाय एक रुपयाही भरू नका आणि शेवटी थकबाकी शिल्लक नसल्याचा दाखला घ्या. अशा तडजोडीची नोंद पुढे कर्ज मागताना आड येते, हेही समजून घ्या. बँक दावा करणारच असेल तर लोकअदालत हा उत्तम मार्ग. तेथील निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखाच बंधनकारक असतो आणि त्यावर अपील नाही. झेपेल तेवढ्याच हप्त्यावर सही करा, घाईने नको. दावा दाखल झाला तरी घाबरून घरी बसू नका. हजर राहिलात तर हुकूमनामा होण्यापूर्वी न्यायालयाकडे हप्ते बांधून मागता येतात. एकदा हुकूमनामा झाला की त्याला धनकोची संमती लागते.

सर्वांत धोक्याचा उपाय म्हणजे जुने फेडायला नवे कर्ज. 'सगळी कर्जे मिळून एकच करून देतो' म्हणणारे एजंट आता वस्त्यांतूनही फिरतात. नव्या कर्जाचे व्याज जुन्यापेक्षा कमी आणि एकूण फेड कमी होत असेल, तरच ते घ्यावे. नुसता हप्ता लहान दिसतो म्हणून नव्हे. आणि बिनतारणी कर्जे फेडण्यासाठी राहते घर गहाण टाकणे म्हणजे सुरक्षित गोष्ट स्वतःहून जोखमीत घालणे होय. जामीनदाराचीही आठवण ठेवा. तुम्ही थकलात की बँक थेट त्याच्याकडे जाऊ शकते.

आणि जेथे काहीच उरलेले नाही तेथे? तेथे नादारीचा कायदा आहे. मुंबई शहरासाठी १९०९ चा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी १९२० चा. न्यायालयाने नादार ठरवले की बिनतारणी धनकोंना परवानगीशिवाय वसुली करता येत नाही आणि प्रामाणिक माणसाला पुढे कर्जमुक्तीचा आदेश मागता येतो. पण मार्ग लांबचा आहे, मालमत्ता असेल तर ती न्यायालयाच्या ताब्यात जाते आणि तारण असलेले कर्ज यातून सुटत नाही.

येथे सरकारला प्रश्न विचारलाच पाहिजे. २०१६ साली दिवाळखोरीची नवी संहिता आली. कंपन्यांचा भाग त्याच वर्षी डिसेंबरात लागू झाला. तेव्हापासून कोट्यवधींची देणी काही अंशावर मिटवून उद्योग पुन्हा उभे केले जात आहेत. त्याच संहितेत गरिबांसाठी 'नवी सुरुवात' नावाची तरतूद आहे. वर्षाचे उत्पन्न साठ हजारांपर्यंत, मालमत्ता वीस हजारांपर्यंत, कर्ज पस्तीस हजारांपर्यंत आणि स्वतःचे घर नसेल, तर ते कर्ज माफ होऊ शकते. ती तरतूद सामान्य माणसासाठी आजवर लागूच केलेली नाही. व्यक्तींसाठीच्या भागातून २०१९ साली फक्त कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांपुरता तुकडा उचलला गेला. मर्यादाही पाहा. महिना पाच हजारांपेक्षा एक रुपया जास्त कमावणारा यात बसत नाही. कंपनीला नवी सुरुवात आणि कामगाराला वसुली एजंट, हा कोणता न्याय?

हे अशक्य आहे असेही नाही. याच महाराष्ट्राने १९७५-७६ साली अल्पभूधारक, ग्रामीण कारागीर, शेतमजूर आणि कामगारांची सावकारी कर्जे कायद्याने रद्द केली होती. सावकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि फत्तेचंद हिम्मतलाल प्रकरणात १९७७ साली हरले. तेव्हा जमले ते आज का जमू नये? 'नवी सुरुवात' लागू करा, तिच्या मर्यादा आजच्या किमान वेतनाशी जोडा, ही मागणी कामगार संघटनांनी, बचत गटांनी आणि लोकप्रतिनिधींनी लावून धरली पाहिजे.

तोपर्यंत हाती आहे ते वापरा. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या प्रत्येक व्यक्तीला आणि प्रत्येक स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात आणि तालुका न्यायालयात विधी सेवा समितीचे कार्यालय असते. तेथे जातीचा दाखला आणि नोटीस घेऊन जा. ही कोणाची मेहेरबानी नाही, तो अधिकार आहे.

प्रत्येक वस्तीतील मंडळाने, महिला गटाने महिन्यातून एक संध्याकाळ या कामासाठी द्यावी. दोन शिकलेल्या मुलांनी लोकांच्या नोटिसा वाचून दाखवाव्यात, तारखा लिहून द्याव्यात, अर्ज करून द्यावेत. कर्जाची लाज वाटून माणूस एकटा पडतो आणि एकट्या माणसालाच वसुलीवाला गाठतो. चार माणसे सोबत असली की तोच वसुलीवाला खुर्चीवर बसून हिशेब बोलू लागतो. कपाटात पडलेली ती नोटीस आज बाहेर काढा आणि वाचा. मुदत अजून संपलेली नसेल.