सत्तर लिटरचा हट्ट

मी बिअर पीत नाही, तरी बोलणारच. न्यू जर्सीतल्या आमच्या भाच्याने घरी बिअर करायला सत्तर लिटरचं विजेचं यंत्र घेतलंय. माल्ट ६५ अंशांवर तासभर भिजवायचा, गाळायचा, उकळायचा, सगळं एकाच भांड्यात. त्यासाठी २४० व्होल्टची वेगळी लाइन! म्हणे, १९७८च्या कायद्याने दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलन करमुक्त आहेत. म्हणजे साधारण ७५७ लिटर. अरे, ती मर्यादा आहे, गृहपाठ नव्हे! पूर्वी वीस लिटरच्या पातेल्याभोवती चार मित्र जमायचे, ढवळायचे, महिन्यात संपवायचे. आता ढवळायला पंप आहे, मित्र फिरकत नाहीत आणि पिंपं भरलेली. ती रिकामी कोण करतो? सूनबाई फोनवर गप्प होते. बाळा, विकून टाक ते. जुनं पातेलं गॅरेजमध्ये आहे, मी पाहिलंय.