मुंबई–कराची : अंतर आणि वाट

एडवणच्या किनाऱ्यावरून वायव्येस सरळ रेषा ओढली, तर ती सौराष्ट्र ओलांडून कराचीस पोहोचते. मुंबई व कराची या दोन विमानतळांमधील हवाई अंतर सुमारे ८७० किलोमीटर आहे; एडवणहून मोजल्यास ते थोडे कमीच भरेल. दुबई मुंबईपासून सुमारे १,९३० किलोमीटर दूर, म्हणजे दुपटीहून अधिक. तरीही पालघर परिसरातील व्यापाऱ्यास दुबई जवळची वाटते, आणि ते चूक नाही.

टाटांच्या हवाई टपालसेवेचा आरंभ याच मार्गावर झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी एका इंजिनाचे ‘पस मॉथ’ विमान सकाळी ६.३५ वाजता कराचीहून उडवले, अहमदाबादेस इंधन घेतले आणि दुपारी १.५० वाजता ते जुहूस उतरवले. मुक्कामासह सव्वासात तास लागले. त्या वेळी ही दोन्ही शहरे एकाच राज्यकारभाराखाली होती. १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी हेच उड्डाण पुन्हा केले. मध्ये सीमा आली होती, परंतु परवानगी मिळू शकत होती.

आजच्या जेट विमानास हा पल्ला जेमतेम दीड तासाचा. मात्र थेट विमान नाही. एप्रिल २०२५ च्या अखेरीस दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपले आकाश बंद केले. तेव्हा दुबईमार्गे जायचे म्हटले, तर १,९३० अधिक १,१९० असे ३,१२० किलोमीटर होतात. मूळ अंतराच्या साडेतीन पटींहून अधिक. एडवणहून सफाळे स्थानक गाठून पुढे अंधेरी व विमानतळ, यास अडीच-तीन तास. विमानापूर्वीची हजेरी तीन तास. आकाशात दोन टप्पे मिळून पाच तास. दुबईत पुढील विमानाची प्रतीक्षा निराळी. व्हिसाचा काळ तर यात धरलेलाच नाही, आणि खरी अडचण तीच.

तिकिटावरील वेळा स्थानिक असतात, हेही ध्यानी ठेवावे. मुंबईहून सकाळी दहाला निघालेले विमान दुबईस साडेअकराला पोहोचते, म्हणून प्रवास दीड तासाचा ठरत नाही. दुबईचे घड्याळ दीड तास मागे असल्याने तो तीन तासांचाच असतो. कराचीचे घड्याळ अर्धा तास मागे.

व्यापाऱ्यास हा वळसा टाळता येतो. तो दुबईतच सौदा करतो. डहाणू-तलासरीकडील आदिवासी तरुणांचे तसे नाही. ते गुजरातच्या मासेमारी बोटींवर खलाशी म्हणून जातात. सागरी सीमेपाशी बोट पकडली गेली की त्यांची रवानगी कराचीच्या मलीर तुरुंगात होते. घरी उधारीची वही चालू राहते, कमावणारा मात्र नसतो. २००८ च्या करारानुसार दोन्ही देश दरवर्षी १ जानेवारी व १ जुलै रोजी कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. घरच्यांचे लक्ष त्या तारखांकडे असते. यादीत नाव असले, तरी सुटका केव्हा हे त्यावरून कळत नाही.

मे २०२३ मध्ये मलीरमधून १९८ भारतीय मच्छीमार सुटले. अशा सुटकेनंतर त्यांना रेल्वेने लाहोरला नेतात, वाघा सीमेवर ताब्यात देतात आणि तेथून अमृतसरमार्गे ते परततात. पालघरच्या खलाशास ही वाट सुमारे ३,००० किलोमीटरांची पडते, तीही जमिनीवरून.