पावसाला किती दिवस आरोपी करणार?

‘पावसाने दगा दिला, म्हणून दुष्काळ पडला’ हे वाक्य इतिहासलेखनातून आता हद्दपार व्हावे. मोसमी पाऊस लहरीच. १८७७, १८९९, १९१८, १९७२ ही सारी मोठ्या तुटीची वर्षे. परंतु १८७६-७७ मध्ये दख्खन उपाशी मरत असता हिंदुस्थानातून धान्य परदेशी जात होते आणि सर रिचर्ड टेंपल दुष्काळी कामांवरील मजुरी दिवसाला एक पौंड धान्य व वर किरकोळ पैसे एवढ्यावर आणत होते. मजुरांनी कामे सोडली, पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारला खरमरीत लिहिले. (पाठ्यपुस्तकांत हे शोधून पाहा!) १९७२ सालीही महाराष्ट्रात पाऊस रुसला, पण लाखो हातांना सरकारी काम मिळाले, पोटाला सुकडी मिळाली, आणि तसा मृत्यूचा थैमान टळला. तेव्हा पर्जन्यमानाचा आलेख पुढे करणाऱ्याकडे त्याच वर्षाचा धान्यनिर्यातीचा तक्ताही मागा.