शेजार आणि विश्वास

जगातील दर सहा माणसांपैकी एकाला एकटेपणाने ग्रासले आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ साली जाहीर केले. त्यापूर्वी २०१८ साली ब्रिटनने व २०२१ साली जपानने या प्रश्नासाठी मंत्रीच नेमले. हे दूरच्या श्रीमंत देशांचे दुखणे, असे आपण समजतो. बऱ्हाणपुरातील सिंधीपुऱ्यातून हिंडताना मला मात्र तसे वाटेना.

हा मोहल्ला नावापासूनच परक्यांचा. सोळाव्या शतकात सिंध सोडून निघालेली माणसे येथे विसावली. सूफी संत शाह ईसा जुंदुल्ला हे त्यांच्याच परंपरेतले. परक्यांना या गावाने आपले मानले, ते केवळ उपदेशाने नव्हे. कापडाचे हे गाव! एकाचे सूत, दुसऱ्याचा माग, तिसऱ्याचा रंग. कोणाचेच कोणावाचून चालत नसे.

आजही व्यापाऱ्याचे सूत मोमिन विणकराच्या यंत्रमागावर जाते आणि कापड होऊन परत येते. मग उणे काय? उणे आहे ते जाणे-येणे. व्यवहार उरला, परंतु एकमेकांचा उंबरठा ओलांडणे कमी झाले. आणि ज्याच्या घरी आपण कधी पाऊल ठेवले नाही, त्याच्याविषयी कोणी काहीही सांगितले तरी ते आपणांस खरे वाटते.

याच जिल्ह्यातील मोहद गावाची हकीकत पाहा. जून २०१७ मध्ये पाकिस्तानने क्रिकेटचा अंतिम सामना जिंकल्यावर आनंदोत्सव केल्याच्या आरोपावरून पंधरा मुसलमान पकडले गेले. प्रथम राजद्रोहाचे कलम लागले. ज्या हिंदू गावकऱ्याच्या नावे फिर्याद होती, त्यानेच आपण तशी फिर्याद दिली नसल्याचे सांगितले. तरीही न्यायालयातून निर्दोष सुटायला ऑक्टोबर २०२३ उजाडला. सहा वर्षे!

त्या गावकऱ्याने काही तत्त्वज्ञान सांगितले नाही. तो गावातलाच होता, माणसांना ओळखत होता. विश्वास ही अशी ओळखीची कमाई असते. मंत्री नेमून ती पदरात पडत नाही. ती रोजच्या राम-रामातून, सलामातून, आजारपणात विचारपूस करण्यातून जमते आणि संकटाच्या दिवशी कामी येते.

आपल्या गल्लीतील किती जणांसाठी आपण असे उभे राहू शकू? आणि आपल्यासाठी कोण? हा हिशेब प्रत्येकाने एकदा मांडून पाहावा.