तालिका लोकांची, किल्ली विक्रेत्याची

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ साली संमत झाला आणि ग्रंथालये चालविणे ही केवळ दानशूरांच्या मर्जीची बाब उरली नाही. ग्रंथ ही समाजाची सामाईक मालमत्ता आहे, हे तत्त्व शासनमान्य ठरले. आज या मालमत्तेची यादी, म्हणजे ग्रंथतालिका, दाखल नोंदवहीतून संगणकात जात आहे. परंतु यादीबरोबर तिच्यावरील ताबाही समाजाच्या हातून निसटत आहे, याकडे पुरोगामी कार्यकर्त्यांचेही लक्ष नाही.

मोर्शीसारख्या तालुक्याच्या गावी हा प्रश्न किरकोळ वाटेल. संत्र्याचा बागायतदार मात्र त्याचे मर्म चटकन ओळखील. आंबिया बहार झाडावर असतानाच सौदा झाला, की झाड शेतकऱ्याचे, घाम शेतकऱ्याचा. पण तोड केव्हा व्हावी हे व्यापारी ठरवितो. बंदिस्त सॉफ्टवेअर घेणाऱ्या ग्रंथालयाची गत याहून निराळी नाही. ग्रंथपाल वर्षानुवर्षे नोंदी भरतो. पुढे देखभालीचे शुल्क वाढले किंवा विक्रेत्याने धंदा गुंडाळला, की स्वतःच्याच नोंदी बाहेर काढण्यासाठी त्याला हात पसरावे लागतात. ग्राहकाला बाहेर पडणे महाग करून मिळविलेली ही मक्तेदारी आहे. मराठी नोंदी युनिकोडऐवजी जुन्या टंकांत भरलेल्या असतील, तर दुर्दशेला पारावार नाही. दुसऱ्या प्रणालीत त्या निरर्थक चिन्हांचा ढीग होतात.

वास्तविक, ग्रंथनोंदींच्या देवाणघेवाणीसाठी ‘आयएसओ २७०९’ हे आंतरराष्ट्रीय मानक १९७३ पासून उपलब्ध आहे. पण केवळ नोंदी बाहेर पडणे पुरेसे नाही. बाहेरच्या आज्ञावलीला प्रणालीशी बोलता येईल असे खुले द्वारही हवे. ते असेल तर तालुक्यातील एखादा होतकरू विद्यार्थी सार्वजनिक व महाविद्यालयीन ग्रंथालयांच्या तालिका एकत्र शोधण्याची सोय उभी करू शकेल. ते नसेल, तर स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मजुराची मुलगी पुस्तकासाठी अमरावतीला खेपा घालील आणि तेच पुस्तक गावातल्याच दुसऱ्या कपाटात धूळ खात पडेल.

‘लहान ग्रंथालयांना हे झेपणार कसे?’ असा आक्षेप घेतला जातो. त्याला उत्तर न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ या ग्रामीण भागाने दिले आहे. तेथील ग्रंथालय न्यासाची जुनी प्रणाली २००० साल उजाडताच कोलमडणार होती. न्यासाने महागडी प्रणाली विकत न घेता १९९९ मध्ये नवी लिहून घेतली आणि मूळ आज्ञावलीसह जगाला खुली केली. तिचे नाव ‘कोहा’. माओरी भाषेत त्याचा अर्थ भेट. पुढे एका अमेरिकी कंपनीने त्या नावावरच व्यापारचिन्हाचा हक्क सांगितला. न्यासाने २०११ मध्ये जगाकडे मदतीची हाक दिली आणि २०१३ मध्ये तो दावा फेटाळला गेला. सामाईक संपत्ती निर्माण करावी लागते, तशीच ती राखावीही लागते.

खासगी नको म्हणून सरकारी असले की भागले, हाही भ्रमच. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची ‘सोल’ प्रणाली सार्वजनिक पैशांतून उभी राहिली. मान्य मानकांनुसार ती नोंदींची देवाणघेवाण करते, हे तिचे श्रेय निःसंशय. पण तिची मूळ आज्ञावली खुली नाही. जनतेने ज्याची किंमत मोजली, ते जनतेपासून झाकून ठेवण्याचे समर्थन कोणत्या समाजवादात बसते?

केंद्र शासनाने २०१० मध्ये खुल्या मानकांचे, तर २०१५ मध्ये मुक्त आज्ञावलीचे व खुल्या जोडद्वारांचे धोरण जाहीर केले. परंतु कागदावरचे धोरण तालुक्याच्या ग्रंथालयात आपोआप पोहोचत नाही. म्हणून कार्यकर्त्यांनी तीन मागण्या लावून धरल्या पाहिजेत. अनुदानाच्या पैशांतून घेतलेल्या प्रत्येक प्रणालीतून सर्व नोंदी खुल्या स्वरूपात, युनिकोडमध्ये आणि विनामूल्य मिळाल्या पाहिजेत. तिची जोडद्वारे कोणत्याही विकासकाला खुली असली पाहिजेत. मात्र वाचकाच्या खासगी नोंदींना संरक्षण मिळाले पाहिजे. आणि ग्रंथालयाने करार मोडला तरी तालिका ग्रंथालयाचीच राहिली पाहिजे.

मोर्शीतील कार्यकर्त्यांना आरंभ करण्यासाठी शासननिर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही. गावातील ग्रंथालयाच्या पुढील सभेत एकच प्रश्न विचारावा: उद्या विक्रेता निघून गेला, तर आपली यादी आपल्या हाती राहील काय?