समजून घ्या : जांभळातील ‘अँटिऑक्सिडंट’ मोजतात कसे? आकडा मोठा म्हणजे आरोग्य जास्त का?

कसारा लोकलने खर्डी सोडली की उंबरमाळी येते. उन्हाळ्यात शहापूर-मुरबाडच्या रानात करवंदे आणि त्यामागोमाग जांभळे पिकतात. ठाकर, कातकरी, महादेव कोळी कुटुंबांतील बायका ती वेचून टोपलीतून विकतात. त्यांच्या द्रोणावर कुठलेच लेबल नसते. जांभळाचा रस किंवा पावडर मात्र पाकिटात जाताच ‘अँटिऑक्सिडंटयुक्त’ होते आणि भाव वाढतो. या शब्दामागचे मोजमाप नेमके काय सांगते?

चाचणी कशी होते?

सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत म्हणजे डीपीपीएच. या रसायनाचे द्रावण गडद जांभळे असते. त्यात फळाचा अर्क घातला की अर्कातील अँटिऑक्सिडंट त्याला निष्प्रभ करतात आणि रंग पिवळट होतो. रंग किती उतरला हे ५१७ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात यंत्र मोजते. ट्रोलॉक्स या ‘ई’ जीवनसत्त्वासारख्या प्रमाणित पदार्थाशी तुलना करून आकडा काढतात. ‘फ्रॅप’ पद्धतीत अँटिऑक्सिडंट लोहाचे रूप बदलतात, तर ‘ओरॅक’मध्ये चमकणाऱ्या रंगद्रव्याचा बचाव किती वेळ होतो ते पाहतात.

एकाच फळाचे आकडे वेगळे का?

प्रत्येक पद्धतीची रासायनिक क्रिया वेगळी आहे. अर्क पाण्यात काढला की मिथेनॉलमध्ये, यानेही फरक पडतो. जांभूळ आणि रेड वाइनचा रंग देणारी अँथोसायनिन्स साधारण ५२० नॅनोमीटरलाच प्रकाश शोषतात. त्यामुळे नमुन्याचा स्वतःचा रंग वजा केला नाही, तर डीपीपीएचचे गणित चुकते. एकूण फेनॉल मोजणारी फोलिन चाचणी तर ‘क’ जीवनसत्त्व, काही साखरा आणि वाइन टिकवण्यासाठी घातलेला सल्फर डायऑक्साइडही मोजणीत धरते.

पाण्याचा हिशेब त्याहून सोपा आहे. जांभळाच्या गरात ८० टक्क्यांहून अधिक पाणी असते. गर वाळवला की १०० ग्रॅममागचा आकडा पाचपट होऊ शकतो, फळ मात्र तेच असते.

मग शरीराला फायदा किती?

परीक्षानळीतील आकडा हे सांगत नाही. पॉलिफेनॉल्सचा थोडाच भाग शोषला जातो. आतड्यातील जिवाणू आणि यकृत त्यांचे रूप बदलून टाकतात. अमेरिकेच्या कृषी विभागाने २०१२ मध्ये आपली ‘ओरॅक’ यादी संकेतस्थळावरून काढून टाकली. या आकड्यांचा आरोग्याशी संबंध सिद्ध नाही आणि कंपन्या ते जाहिरातीसाठी वापरतात, हे त्यामागचे कारण होते. त्याआधी १९९४ मध्ये फिनलंडमधील धूम्रपान करणाऱ्यांच्या मोठ्या अभ्यासात बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग वाढलेला दिसला होता.

वाइनबाबत तर पळवाटच नको. सुरक्षित म्हणावे असे मद्याचे कोणतेही प्रमाण नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले. भारतातील नियमांनुसार मद्याच्या लेबलवर आरोग्याचा दावा करता येत नाही.

मोजमाप निरुपयोगी आहे का?

नाही. रस उकळल्याने किती घट झाली, कोणत्या झाडाचे फळ सरस, साठवणीत काय टिकले, हे एकाच पद्धतीने आणि एकाच प्रयोगशाळेत तपासले तर उत्तम कळते. स्थानिक प्रक्रिया केंद्रांना अशी चाचणी स्वस्तात मिळायला हवी.

करोनाकाळात शहापूरच्या वन धन केंद्रातील कातकरी तरुणांच्या गुळवेलीला मोठी मागणी आली. रानातल्या मालाला बाजार मिळतो, हे त्यातून दिसले. मात्र तो बाजार अतिरंजित दाव्यांवर उभा राहिला, तर दावा कोसळताच पहिला फटका वेचणाऱ्यालाच बसेल. म्हणून लेबलवर आकडा दिसला, तर पद्धत कोणती आणि वजन ओले की सुके, एवढे विचारा. आणि टोपलीतल्या जांभळांना रास्त भाव द्या. त्यासाठी ताजे फळ हे कारण पुरेसे आहे.